मामाचं सिरप आणि ढाक्याचा हरभरा

जुलाबाचं औषध देऊन माणूस भानावर येतो हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय, त्यामुळे पोटातल्या जंतूंचा आणि डोक्याचा काही संबंध असतो का हे मला कोणी पटवून द्यायची गरज उरलेली नाही. माझे प्रश्न त्याच्या पुढचे आहेत.

मामाला लिव्हर सिरॉसिस होता, दारूचा थेंबही न घेता. डायबेटिस, सुटलेलं वजन, फॅटी लिव्हर आणि वर कित्येक वर्षं केलेलं दुर्लक्ष. पण सिरॉसिस म्हटलं की लोक मान हलवून मामीकडे बघायचे आणि मामी बिचारी दर वेळी कोणी न विचारता सांगायची, "अहो माळकरी माणूस आहे, सुपारीसुद्धा खात नाहीत." तर त्या पावसाळ्यात मामा रात्रभर टक्क जागा आणि दिवसभर झोपलेला असं व्हायला लागलं, मग बोलणं घसरायला लागलं. कधीच विकून टाकलेल्या बैलांना पाणी दाखवलं का म्हणून विचारायचा, पोराला स्वतःच्या धाकट्या भावाच्या नावाने हाक मारायचा, एकदा तर ताटातली भाकरी हातात धरून नुसता बघत बसला, हिचं काय करायचं असतं हेच आठवेना. घरात कुजबुज सुरू झाली, वेड लागलं, बाहेरचं काहीतरी असेल, एकदा दाखवून घ्या, वगैरे.

जिल्ह्याच्या हॉस्पिटलात डॉक्टरांनी त्याला दोन्ही हात समोर ताठ करून पंजे वर उचलायला सांगितलं, समोरच्याला थांब म्हणतो तसे. पंजे दोनेक सेकंद राहिले आणि मग आपोआप पडले, परत वर आले, परत पडले, फडफड फडफड. डॉक्टरांनी तेवढं बघितलं आणि मामीला एकच प्रश्न विचारला, संडासला कधी झाली होती? चार दिवस झाली नव्हती. सगळ्यांना वाटलं ह्यांना डोक्याचं सांगतोय आणि हे संडासचं काय विचारतायत. सिटी स्कॅन नाही का करायचा, असं मामेभाऊ दोनदा तरी म्हणाला.

दिलं काय, तर लॅक्टुलोजचं सिरप. चिकट, गोडमिट्ट, मामा तोंड वाकडं करून घ्यायचा. दिवसाला दोन-तीन पातळ संडास झाल्याच पाहिजेत असा हिशोब, त्यावर डोस कमीजास्त. सोबत रिफॅक्सिमिनच्या गोळ्या, म्हणजे असं अँटिबायोटिक जे रक्तात जवळजवळ जातच नाही, आतड्यातच काम करतं. तिसऱ्या दिवशी सकाळी मी डबा घेऊन गेले तर मामा उशीला टेकून बसलेला आणि मला बघून पहिलं वाक्य काय, "ऊसाचं बिल जमा झालं का बघ गं मोबाईलवर." मामी तिथेच रडायला लागली.

झालं होतं असं की प्रोटीनची मोडतोड होताना आतड्यात अमोनिया तयार होतो, बराचसा जंतूंच्या हातून. धडधाकट लिव्हर तो रक्तातून उचलतं आणि त्याचा युरिया करून टाकतं. मामाचं लिव्हर थकलेलं, त्यात चार दिवस पोट साफ नाही, म्हणजे जंतूंना कामाला भरपूर माल आणि भरपूर वेळ, आणि मग तो अमोनिया बाकीच्या कचऱ्यासकट थेट डोक्यात. लॅक्टुलोज ही आपल्याला न पचणारी साखर आहे. ती तशीच मोठ्या आतड्यात पोचते, तिथले जंतू ती खातात, ॲसिड तयार होतं, त्या आंबट वातावरणात अमोनियाचं रूप असं बदलतं की त्याला रक्तात शिरता येत नाही आणि मग जुलाबावाटे बाहेर. हे औषध ह्या दुखण्यासाठी १९६६ पासून वापरात आहे. म्हणजे पोटातल्या जंतूंना हाताळून माणसाचं भान परत आणायचं काम सरकारी-खाजगी हॉस्पिटलांतून पन्नासहून जास्त वर्षं रोज चाललंय, कोणी त्यावर रील बनवलं नाही इतकंच. बनवणार तरी कसं म्हणा, संडास मोजायचं रील कोण बघेल.

रील बनतात ती वेगळी. "तुमचं ९० टक्के सेरोटोनिन पोटात तयार होतं!" हे वाक्य मी आता इतक्या वेळा ऐकलंय की झोपेतसुद्धा म्हणू शकेन. (सेरोटोनिन म्हणजे मूडशी ज्याचं नाव जोडलं जातं ते रसायन.) आणि वाक्य खरं आहे, हीच तर गंमत. शरीरातलं साधारण ९० टक्के सेरोटोनिन आतड्यातच तयार होतं, आणि ते किती बनेल ह्यात तिथल्या जंतूंचा हात असतो हे २०१५ साली कॅलिफोर्नियातल्या कॅलटेकच्या लोकांनी उंदरांमध्ये दाखवलं. फक्त पुढचं वाक्य रीलवाले गाळतात, की हे पोटातलं सेरोटोनिन रक्तातून मेंदूत जात नाही, मधे जी गाळणी आहे ती त्याला सोडत नाही. मेंदू स्वतःचं स्वतः बनवतो. पोटातलं पोटाच्या कामाला, आतडी हलवायला वगैरे. पोटाचा निरोप मेंदूला पोचत नाही असं नाही, पोचतो, पण वाटा वेगळ्या आहेत. एक तर व्हेगस नर्व्ह, मेंदूच्या तळापासून पोटापर्यंत गेलेली लांबलचक नस, जिच्यातले बहुतेक तंतू खालून वर बातम्या नेतात, वरून खाली हुकूम नेणारे कमीच. दुसरं म्हणजे जंतू कोंडा-सालं-डाळी आंबवून ब्युटिरेटसारखी छोटी छोटी ॲसिड्स बनवतात ती. तिसरं, आपली इम्युनिटी, जिच्या पेशींचा मोठा मुक्काम आतड्याच्या भिंतीपाशीच असतो.

माझी एक मैत्रीण आहे, ॲन्झायटीची गोळी चालू आहे तिची, डॉक्टर चांगले आहेत, फरकही आहे. तिने मधे एक कॅप्सूल मागवली, मूडसाठी स्पेशल प्रोबायोटिक, म्हणजे चांगल्या समजल्या जाणाऱ्या जिवंत जंतूंची, महिन्याचा खर्च ऐकून मला गरगरलं. आणि मला विचारते, आता गोळी सोडली तर चालेल ना? तिला मी जे सांगितलं ते इथे पण सांगते. आयर्लंडमध्ये कॉर्क युनिव्हर्सिटीत जॉन क्रायन आणि टेड डायनन ह्यांचा ग्रुप ह्या सगळ्या विषयातला मोठा. २०११ मध्ये त्यांनी लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस नावाच्या जंतूची एक जात उंदरांना खाऊ घातली, उंदीर कमी घाबरट झाले, स्ट्रेसचं हॉर्मोन कमी वाढलं, मेंदूतल्या काही भागांत फरक दिसले. आणि मग त्यांनी काही उंदरांची व्हेगस नर्व्ह कापली, तर सगळा परिणाम गायब. इतका स्वच्छ प्रयोग की वाचताना अंगावर काटा येतो, बातमी जगभर गेली. पुढे २०१७ मध्ये त्याच कॉर्कच्या लोकांनी तीच जात २९ निरोगी पुरुषांना देऊन बघितली. काही नाही. स्ट्रेस, मूड, झोप, कशातच डमी कॅप्सूलपेक्षा वेगळं काही निघालं नाही. आणि त्यांनी ते लपवलं नाही, छापलं. मला त्या ग्रुपबद्दल आदर आहे तो पहिल्या प्रयोगापेक्षा ह्या दुसऱ्यासाठी जास्त. २९ म्हणजे थोडेच, आणि निरोगी, आजारी माणसांत काही वेगळं निघेलही, पण उंदराचं माणसाला जसंच्या तसं लागू होत नाही हे एवढ्या सरळ कुठे बघायला मिळत नाही.

मैत्रिणीला म्हटलं गोळी सोडायची नाही. कॅप्सूल आणलीच आहेस तर संपव, परत आणू नकोस.

आणि खाण्याने डोकं सुधारतं का, तर थोडेफार पुरावे आहेत की. ऑस्ट्रेलियात २०१७ मध्ये डिप्रेशन असलेल्या ६७ जणांवर ट्रायल झाली, अर्ध्यांना आहारतज्ज्ञ जोडून दिले आणि भाज्या, कडधान्यं, मासे, ऑलिव्ह तेल असलं खाणं, बाकीच्यांना नुसती गप्पागोष्टींची सोबत. बारा आठवड्यांनी खाण्यावाल्यांतले ३२ टक्के डिप्रेशनमधून बाहेर, सोबतवाल्यांतले ८ टक्के. पण आपल्याला कुठल्या गटात टाकलंय हे तिथे सगळ्यांनाच माहिती असणार, डमी जेवण कसं देणार, म्हणून मी हा आकडा जरा हात राखूनच घेते.

पोटातल्या जंतूंचं हे वेड नवीन नाही, हे एक बरं आहे. इल्या मेचनिकॉफ म्हणून रशियन शास्त्रज्ञ, पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये, पांढऱ्या पेशी जंतूंना गिळतात ह्या शोधासाठी १९०८ चं नोबेल मिळालेला माणूस. त्याचं म्हणणं, म्हातारपण येतं ते मोठ्या आतड्यात सडणाऱ्या अन्नाच्या विषाने, आणि बल्गेरियातले शेतकरी दीर्घायुषी असतात ते दह्यामुळे. दह्यातला तो जंतू बल्गेरियाच्याच स्टॅमेन ग्रिगोरोव्ह नावाच्या तरुण डॉक्टरने १९०५ मध्ये शोधला होता. मेचनिकॉफ स्वतः आंबट दूध प्यायचा, आणि मग काय, युरोपभर दह्याच्या गोळ्या, दह्याच्या पावडरी. पुढे लक्षात आलं की तो जंतू माणसाच्या आतड्यात मुक्कामच करत नाही, पाहुण्यासारखा येतो आणि जातो. आजीला हे सांगितलं तर म्हणाली, "मग रोज खायचं." ह्यावर मला उत्तर सुचलं नाही.

पण त्याच "पोटातलं विष" कल्पनेचं दुसरं टोक फार वाईट आहे. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या ट्रेंटनच्या सरकारी मनोरुग्णालयात १९०७ पासून हेन्री कॉटन नावाचे सुपरिटेंडेंट होते. चांगले शिकलेले, मोठमोठ्या लोकांच्या हाताखाली तयार झालेले, आणि रुग्णांच्या साखळ्या काढून टाकणारे, हे पण खरं. त्यांना खात्री पटली की वेड म्हणजे शरीरात कुठेतरी दडलेला जंतुसंसर्ग. म्हणून दात काढायचे, मग टॉन्सिल्स, तरी बरा होत नसेल तर मोठं आतडं कापून काढायचं. स्वतःच्या पोरांचेसुद्धा दात काढले त्यांनी. ८५ टक्के रुग्ण बरे होतात असं सांगायचे, पेपरात कौतुक छापून यायचं, आणि आतड्याच्या ऑपरेशनात त्यांच्याच आकड्यांप्रमाणे तीसेक टक्के माणसं मरत होती. १९२० च्या दशकात फिलिस ग्रीनेकर ह्या डॉक्टर बाईंनी तपासणी केली, रुग्णांना फायदा नाहीच उलट नुकसान आहे असं त्यांना आढळलं, आणि तो रिपोर्ट दाबला गेला. ह्यानंतर बरीच वर्षं मनाच्या आजाराच्या संदर्भात आतड्याचं नाव काढलं की शहाणे डॉक्टर पाठ फिरवायचे, आणि त्यांचं काय चुकलं.

परत दार उघडलं ते जपानमध्ये, आणि मला विचाराल तर ह्या सगळ्या विषयातला सगळ्यात महत्त्वाचा प्रयोग अजून तोच आहे. फुकुओकाच्या क्यूशू युनिव्हर्सिटीतले नोबुयुकी सुदो आणि त्यांचे सहकारी, २००४. त्यांनी वापरले ते जंतूमुक्त उंदीर, म्हणजे असे उंदीर की ज्यांच्या अंगावर, पोटात, कुठेही एकही जंतू नाही, प्लास्टिकच्या बंद फुग्यात वाढवलेले, हवा गाळलेली, दाणा-पाणी निर्जंतुक केलेलं. अशा उंदराला तासभर अरुंद नळीत अडकवून ठेवलं आणि रक्त तपासलं तर स्ट्रेसची हॉर्मोन्स नेहमीच्या उंदरापेक्षा जास्त उसळलेली. लहानपणी बायफिडोबॅक्टेरियम इन्फँटिस हा एकच जंतू त्यांच्या पोटात सोडला तर मोठेपणी ते नॉर्मल. म्हणजे भीतीला किती उसळायचं ह्याचं माप लावण्यात पोटातल्या जंतूंचा वाटा होता.

पण खरी मेख पुढे आहे. साध्या उंदरांच्या लेंडीतले सगळे जंतू ह्या जंतूमुक्त उंदरांना उशिरा दिले तर? सहा आठवड्यांच्या वयापर्यंत दिले तर बरंचसं सुधारायचं. चौदा आठवड्यांच्या वयाला दिले तर काहीही फरक नाही. विरजण तेच, पण दूध कोमट होतं तेव्हा लावलं नाही, गार झाल्यावर लावलं.

ह्यानंतर रांगच लागली. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटमध्ये २०११ मध्ये दिसलं की जंतूमुक्त उंदीर उलट जास्त हिंडतात, उघड्या जागेला कमी बिचकतात, आणि लवकर जंतू दिले तर नेहमीसारखे होतात. (वर हॉर्मोन्स जास्त आणि इथे भीती कमी, हे कसं काय, हा प्रश्न तुम्हाला पडला असेल तर बरोबर पडलाय. उंदराची जात, नर-मादी, टेस्ट कुठली, ह्यावर निकाल फिरतात, आणि म्हणूनच "जंतू = शांत मन" असलं समीकरण कोणी विकत असेल तर खिसा सांभाळा.) मग २०१५ मध्ये जर्मनीतून आलं की जंतूमुक्त उंदरांच्या मेंदूतल्या मायक्रोग्लिया पेशी कच्च्या राहतात. ह्या पेशी म्हणजे मेंदूचे सफाई कामगार पण आणि माळी पण, वाढत्या वयात नको असलेली जोडणी छाटण्याचं काम त्यांचं. आणि ही एक गोष्ट मात्र मोठ्या उंदरांतही बरीचशी सुधारली, ती मघाशी सांगितलेली छोटी ॲसिड्स पाण्यातून दिल्यावर. तेव्हा सगळीच दारं कायमची बंद होतात असं नाही. पण बरीच होतात.

आता माणसाचं वेळापत्रक बघा. बाळाचा मेंदू दोन वर्षांत मोठ्या माणसाच्या साधारण ८० टक्के आकाराचा होतो. आणि पोटातली जंतूंची वस्ती मोठ्या माणसासारखी दिसायला लागते ती तिसऱ्या वर्षाच्या आसपास. दोन्ही कामं एकाच वेळी, एकाच घरात चालू. ह्यावरून एक दुसऱ्यावर अवलंबून आहे असं सिद्ध होत नाही हे मला कळतं, दातही तेव्हाच येतात. तरी उंदरांचं वाचल्यावर ह्या दोन तारखा शेजारी शेजारी बघून गप्प बसवत नाही.

मी आत्या झाले तेव्हा आमच्या घरात ह्याच विषयावर महाभारत झालं. वहिनीचं सिझेरियन. आजी गावाहून येताना गुटीचा बटवा घेऊन आली, वेखंड, हळकुंड, मुरडशेंग, हिरडा, जायफळ, सुंठ, आणि सहाण घेऊन बसली सुद्धा, ह्याचे दोन वेढे, त्याचा एक वेढा, मधाचं बोट. बाळाच्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलेलं, सहा महिने फक्त आईचं दूध, पाणीसुद्धा नाही, मध तर वर्षभर अजिबात नाही. आजी म्हणे, "तुमचा बाप ह्याच गुटीवर वाढलाय." वहिनी टाक्यांनी हैराण, दूध अजून नीट उतरलेलं नाही, आणि एवढ्या माणसांत तिच्या पदरात मूल द्यायला कोणाला सुचत नाही, सगळे वादात. शेवटी आईने सहाण उचलून माळ्यावर ठेवली. आजी दोन दिवस जेवताना कोणाशी बोलली नाही.

तेव्हा मला आईच्या दुधाबद्दल जी गोष्ट कळली ती मी अजून येईल त्याला सांगते. दुधात लॅक्टोज असतं, फॅट असतं, आणि प्रमाणात तिसऱ्या नंबरावर असतात त्या वेगळ्याच प्रकारच्या साखरा, एका लिटरमागे ५ ते १५ ग्रॅम, आणि त्या बाळाला पचतच नाहीत. एवढा खटाटोप करून आईचं शरीर दुधात अशी वस्तू घालतं जी बाळाच्या उपयोगाची नाही. मग कोणासाठी? तर बायफिडोबॅक्टेरियम इन्फँटिससाठी, तोच तो, सुदोंच्या उंदरांना सुधारणारा. त्याच्याकडे त्या साखरा खायची हत्यारं आहेत, दुसऱ्या जंतूंकडे फारशी नाहीत, म्हणून अंगावर पिणाऱ्या बाळाच्या पोटात त्याचं राज्य. ह्या घराण्याचे जंतू पहिल्यांदा सापडले तेही अशाच बाळांच्या शीमध्ये, पॅरिसला, १८९९ च्या सुमारास, ऑन्री टिसिए ह्यांना. आजीला मी हे समजावून सांगितलं, की बाई गं, दुधातच जंतूंचा खाऊ आहे, आपण वरून चाटवायला नको. ती म्हणाली मग मी पहिला चीक फेकून देत होते त्याचं काय. म्हटलं आता काय बोलायचं, सगळेच फेकत होते तेव्हा.

सिझेरियनचं मात्र वहिनीने मनाला लावून घेतलेलं. सिझेरियनच्या बाळांना सुरुवातीला वेगळे जंतू मिळतात, आईच्या योनिमार्गातले कमी, कातडीवरचे आणि हॉस्पिटलातले जास्त, हे बरोबर आहे. पण त्यावरून कोणीतरी तिला फॉरवर्ड पाठवला की सिझेरियनच्या मुलांना ऑटिझमचा धोका. बाळंतिणीला असलं पाठवणाऱ्याला काय म्हणावं ते मी इथे लिहीत नाही. तर स्वीडनमध्ये सुमारे २७ लाख मुलांच्या नोंदी तपासल्या, २०१५ ला छापून आलं. वरवर बघितलं तर सिझेरियनच्या मुलांत ऑटिझम थोडा जास्त दिसतो. पण एकाच आईची दोन मुलं, एक सिझेरियनचं आणि एक नॉर्मल, अशी तुलना केली की तो फरक नाहीसा. म्हणजे दोष ऑपरेशनचा नव्हता, ज्या कारणांनी ऑपरेशन करावं लागतं त्यांचा किंवा घराण्यातल्या जीन्सचा असणार. वहिनीला मी हे मराठीत टाईप करून पाठवलं, तिने उत्तरात फक्त अंगठा पाठवला, पण नंतर कळलं तो मेसेज तिने तिच्या आईलाही पाठवला होता.

ऑटिझमवरून आणखी एक, कारण ह्या नावाखाली आईबापांना फार लुटतात. ऑटिस्टिक मुलांच्या पोटातले जंतू वेगळे असतात, हे ऐकून कोणी शीचं ट्रान्सप्लांट (निरोगी माणसाच्या शीतले जंतू मुलाच्या पोटात सोडणं) सुचवतं, कोणी महागडी सप्लिमेंट. ऑस्ट्रेलियात २०२१ मध्ये २४७ मुलांचे नमुने तपासून जे निघालं ते आधी वाचा. ऑटिझमचा आणि जंतूंचा थेट संबंध नगण्य. संबंध होता तो खाण्याशी. ह्या मुलांच्या आवडी फार ठराविक असतात, एकच प्रकारचा भात, एकच बिस्कीट, अमुक रंगाची भाजी नको, त्यामुळे ताटात वैविध्य कमी, म्हणून पोटात वैविध्य कमी. बाण उलटा आहे. मेंदू आधी, पोट नंतर. ज्यांच्या घरी असं मूल आहे त्यांनी हे अभ्यासाशिवायही सांगितलं असतं, कोणी विचारायला गेलं असतं तर.

शिवाय हे जंतूंचे जे नकाशे आहेत ते मुख्यतः गोऱ्या देशांतल्या पोटांचे. आपल्याकडची पोटं वेगळी, धान्य-डाळींवर पोसलेल्या प्रिव्होटेला जातीच्या जंतूंचा आपल्याकडे भरणा असतो. पुण्यातल्या संशोधकांनी २०१२ मध्ये एका छताखाली, एकाच चुलीवर जेवणाऱ्या तीन पिढ्यांच्या एकत्र कुटुंबांतले जंतू तपासले होते, वयाप्रमाणे काय बदलतं ते बघायला. छोटासाच अभ्यास, पण कल्पना अशी की ती फक्त इथेच सुचू शकते.

आणि आता ढाका, ज्याच्यासाठी मी खरं म्हणजे लिहायला बसले. मिरपूर नावाचा भाग आहे ढाक्यात, दाटीवाटीची झोपडपट्टी. आणि ढाक्यातच ती जगप्रसिद्ध संशोधन संस्था जिला तिथले लोक साधं कॉलेरा हॉस्पिटल म्हणतात. तिथले ताहमीद अहमद आणि अमेरिकेतल्या सेंट लुईसचे जेफ्री गॉर्डन ह्यांनी मिळून मिरपूरच्या मुलांच्या शीचे नमुने महिनोन्महिने जमवले. २०१४ मध्ये त्यांनी सांगितलं की कुपोषित मुलांच्या पोटातली जंतूंची वस्ती वयाच्या मानाने मागे राहते, दीड वर्षाच्या मुलाच्या पोटात त्याच्याहून लहान बाळाची वस्ती. आणि नेहमीचं पौष्टिक खाद्य देऊन वजन थोडं भरलं तरी ती वस्ती परत मागे पडते. हे वाचल्यावर मला कळलं की खायला घालूनही पोरं अंग का धरत नाहीत, ज्याचा अनुभव मेळघाटात किंवा नंदुरबारला काम केलेला कुठलाही माणूस सांगेल.

मग त्यांनी उलटीकडून सुरुवात केली. मुलाला काय हवं ते राहू दे, मागे पडलेल्या जंतूंना काय हवं? ढाक्याच्या बाजारात मिळणाऱ्या वस्तू एकेक करून उंदरांवर, डुकराच्या पिलांवर तपासल्या. उरल्या त्या चार, हरभऱ्याचं पीठ, शेंगदाण्याचं पीठ, सोयाबीनचं पीठ आणि कच्ची केळी. वर साखर, तेल आणि व्हिटॅमिन-मिनरल. ते खाद्य मिरपूरमधल्या मध्यम कुपोषित, साधारण बारा ते अठरा महिन्यांच्या मुलांना तीन महिने दिवसातून दोनदा दिलं, आणि दुसऱ्या गटाला तांदूळ-मसुराचं नेहमीचं तयार खाद्य. १२३ मुलांपैकी ११८ शेवटपर्यंत टिकली, २०२१ ला निकाल आला. नेहमीच्या खाद्यात कॅलरी जास्त होत्या, तरी वजनाचा वेग चांगला भरला तो हरभरा-केळ्याच्या गटाचा. मुलांच्या रक्तातली ७० प्रोटीन्स वाढीच्या दिशेने हलली, त्यांत हाडं वाढवणारी होती आणि मेंदूची जडणघडण करणारी पण होती.

कमी कॅलरीत जास्त वाढ. कुपोषण म्हणजे पोटात अन्न कमी, एवढाच हिशोब आपण कायम केलेला, सरकारी तक्त्यात ग्रॅम आणि कॅलरी, आणि इथे कोणीतरी विचारलं की ते अन्न जेवणार कोण आहे आधी.

बेसन, शेंगदाणे, सोयाबीन, कच्ची केळी हे सगळं आपल्या घरात असतं, म्हणून लगेच मिक्सर लावू नका. कुपोषित मूल असेल तर डॉक्टर आणि अंगणवाडी आधी, त्या खाद्याची मापं मोजून ठरवलेली आहेत आणि दीड वर्षाच्या मुलाला अख्खा शेंगदाणा घशात अडकतो. आणि एक हातचं राखून सांगते, त्या ट्रायलमध्ये मुलांची बुद्धी मोजलेली नव्हती, रक्तातली प्रोटीन्स मोजलेली होती. प्रोटीन हललं म्हणजे मूल पुढे पाढे लवकर पाठ करेल असं होत नाही. त्यासाठी ती मुलं मोठी होऊ द्यायला लागतात, शाळेत जाऊ द्यायला लागतात, आणि कोणीतरी वर्षानुवर्षं त्यांच्या मागे राहायला लागतं, त्याला पैसा लागतो, आणि मिरपूरच्या आईला महिन्याला हजारोंची कॅप्सूल विकता येत नाही म्हणून तो पैसा सरकारी किंवा दानाचाच असणार. मैत्रिणीने परवा त्याच कंपनीची नवी जाहिरात पाठवली, आता लहान मुलांसाठी पण काढलंय त्यांनी, स्ट्रॉबेरी फ्लेवर, डब्यावर चष्मा लावलेलं बाळ. मी तिला मिरपूरची लिंक पाठवून दिली, तिने अजून उघडलेली नाही.